सायकलची वेगळी वाट

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता माझा भाचा शाळेतून येताना सायकलवरून पडला. पडला असं आम्ही घरात म्हणतो. खरं तर त्याला एका टेम्पोनं पाडलं. तो ट्रॅकवरून येत होता, म्हणजे सायकलसाठी म्हणून फूटपाथला लागून जी ठोकळ्यांची पट्टी केलेली असते, तिच्यावरून. पुण्यातल्या बऱ्याच रस्त्यांवर ती आहे. कोपरा जवळ आला की ती संपते. का संपते याला काही एकच कारण नसतं. कुठं विजेची डीपी असते, कुठं बसथांबा, कुठं काहीच नसतं. तर तिथं ट्रॅक संपला, भाचा रस्त्यावर उतरला आणि त्याच वेळी डावीकडं वळणाऱ्या टेम्पोच्या मागच्या चाकानं त्याचं पुढचं चाक धरलं. पोरगं वाचलं. पायात सळई घालावी लागली, तीन महिने घरी बसावं लागलं. मी भेटायला गेलो तर म्हणाला, ‘‘ट्रॅकच खतम हो गया मामू, मैं क्या करता?’’

त्या तीन महिन्यांत बहिणीच्या घरात एकच वाद चालू होता. मेहुण्यांचं म्हणणं, हा ट्रॅकच घात करतो. पोरगा पहिल्यापासून रस्त्यानं आला असता तर टेम्पोवाल्याला तो आधीच दिसला असता. ट्रॅकवर होता म्हणून दिसला नाही आणि अचानक पुढ्यात आला. बहिणीचं म्हणणं, ट्रॅक नसता तर मी त्याला या शहरात सायकल घेऊनच दिली नसती, रिक्षा लावली असती. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, त्यामुळं वाद मिटेना. मी काही इंजिनिअर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण भाच्याच्या उशाशी बसून या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की हे भांडण नव्वद वर्षांपूर्वी लंडनमध्ये होऊन गेलेलं आहे आणि दोन्ही बाजूंचे मुद्देही जवळपास हेच होते.

१९३४ सालच्या डिसेंबर महिन्यात लंडनच्या पश्चिमेला, वेस्टर्न अव्हेन्यू नावाच्या हमरस्त्यावर ब्रिटनचे वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी एका सायकल मार्गाचं उद्घाटन केलं. हँगर लेनपासून ग्रीनफर्ड रोडपर्यंत अडीच मैल, रस्त्याच्या दोन्ही अंगांना साडेआठ फूट रुंदीची काँक्रीटची पट्टी. त्या वर्षी ब्रिटनच्या रस्त्यांवर ७३४३ माणसं मेली होती. साऱ्या देशात मिळून मोटारगाड्या आणि इतर वाहनं चोवीस लाखांच्या आसपास असतानाची ही गोष्ट. होर-बेलिशा काही मोटारवाल्यांचे हस्तक नव्हते. रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी नारिंगी गोळ्यांचे खांब त्यांनीच उभे केले, ज्यांना तिकडं आजही ‘बेलिशा बीकन’ म्हणतात. वस्तीतून जाताना ताशी तीस मैलांची मर्यादा आणि वाहन चालवण्याची परीक्षा, या दोन्ही गोष्टी १९३५ मध्ये त्यांच्याच काळात अमलात आल्या. सायकलवाल्यांसाठी आपण काही भलं करतो आहोत अशीच त्यांची समजूत असणार.

पण सायकलवाल्यांनी हा मार्ग झिडकारला. १८७८ साली स्थापन झालेला ‘सायकलिस्ट्स टूरिंग क्लब’ म्हणजे त्या देशातली सायकलवाल्यांची मोठी संस्था. तिचे चिटणीस जी. एच. स्टॅन्सर, स्वतः शर्यती खेळलेला माणूस. त्यांनी आणि क्लबनं या मार्गांना कडाडून विरोध केला. आज ऐकायला नवल वाटतं. मंत्री रस्ता बांधून देतो आहे आणि ज्यांच्यासाठी बांधतो ते नको म्हणताहेत! पण त्यांची बाजू नीट ऐकली तर ती नुसती आडमुठेपणाची नव्हती. इंग्लंडातले रस्ते गुळगुळीत व्हावेत म्हणून मोटार जन्माला येण्याच्या आधीपासून चळवळ केली होती ती सायकलवाल्यांनी. आता त्याच रस्त्यावरून त्यांना कडेच्या पट्टीवर जा म्हणून सांगण्यात येत होतं. शिवाय ही पट्टी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी तुटत होती. रस्त्यावरचा मोटारवाला सरळ निघून जाणार आणि पट्टीवरच्या सायकलवाल्यानं दर फर्लांगाला ब्रेक दाबून मान वळवून बघायचं. आज पट्टी बांधलीत, उद्या रस्त्यावर यायला बंदी कराल, ही त्यांची खरी भीती.

ती भीती हवेतली नव्हती. त्याच १९३४ साली जर्मनीत नवा वाहतूक कायदा आला आणि जिथं सायकलसाठी वेगळा मार्ग आहे तिथं तोच वापरण्याची सक्ती झाली. हेतू उघड होता, मोटारींना रस्ता मोकळा मिळावा. (ती सरसकट सक्ती हटवायला जर्मनीला १९९७ सालची दुरुस्ती उजाडावी लागली.) ब्रिटनमध्येही लॉर्ड अ‍ॅलनेस यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९३९ च्या अहवालात सायकल मार्ग वाढवावेत, पुढं ते सक्तीचे करावेत अशा अर्थाची शिफारस केली. सप्टेंबरात युद्ध सुरू झालं आणि अहवाल बाजूला पडला.

क्लबवाल्यांनी कोपरा बरोबर ओळखला होता, असं मला वाटतं. मेहुणे जे म्हणत होते तेच ते म्हणत होते. चुकले ते पुढच्या काळाबद्दल. आपण रस्त्यावर संख्येनं इतके आहोत की मोटारींना आपल्याशी जुळवून घ्यावंच लागेल, असा त्यांचा हिशेब होता. युद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत ब्रिटनच्या रस्त्यांवरून सायकल जवळजवळ नाहीशी झाली. रस्त्यावरचा हक्क कागदावर शाबूत राहिला, तो वापरणारी माणसं राहिली नाहीत. आणि ते मार्ग? १९३० च्या दशकात तसे बरेच बांधले गेले होते. २०१७ च्या सुमारास कार्लटन रीड नावाच्या पत्रकारानं जुने नकाशे घेऊन त्यांचा माग काढला. काही गवताखाली गेलेले होते, काहींवर मोटारी उभ्या होत्या, आणि काहींना आसपासचे रहिवासी सर्व्हिस रोड समजत होते.

लंडनच्या उत्तरेला स्टीव्हनेज नावाचं गाव आहे. युद्धानंतर सरकारनं वसवलेलं हे पहिलं नवं शहर. तिथले मुख्य अभियंता एरिक क्लॅक्स्टन स्वतः सायकलनं कामावर जात. त्यांनी गावभर सायकलींचे वेगळे मार्ग आखले, मोठ्या रस्त्यांखालून बोगदे काढले, सायकल आणि मोटार यांची गाठच पडू नये अशी रचना केली. आखणीत नाव ठेवायला जागा नव्हती. तरीही लोक मोटारीनंच फिरत राहिले, कारण मोटारींसाठीचे रस्तेही तितकेच ऐसपैस बांधले होते. आपल्याकडं कुणी ‘ट्रॅक बांधले तरी लोक वापरत नाहीत’ म्हणालं की मला स्टीव्हनेज आठवतं. ते खोटं बोलत नसतात.

आता हॉलंडकडं येऊ. सायकलचा विषय निघाला की हॉलंड येतंच, आणि ते असं येतं की जणू तिथली माणसं पायांत पेडल घेऊनच जन्माला आली. तसं काही नाही. उट्रेख्टमधल्या मालीबान या झाडांनी वेढलेल्या रस्त्यावर १८८५ साली सायकलींसाठी वेगळी पट्टी झाली, ती त्या देशातली पहिली म्हणून सांगतात. पण ती हौशी लोकांच्या रपेटीसाठी होती. कामगारांच्या हाती सायकल आल्यावर सरकारला तिच्यात उत्पन्न दिसू लागलं. १९२४ मध्ये सायकलवर कर बसला, सुरुवातीला वर्षाला तीन गिल्डर. कर भरला की धातूची एक छोटी पट्टी मिळायची, ती सायकलवर लावायची. ज्यांना परवडत नसे अशा बेकारांना ती फुकट मिळे, पण तिला एक भोक पाडलेलं असे. भोक असलेली पट्टी म्हणजे हा माणूस बेकार, हे साऱ्या गावाला दिसणार. १९४१ मध्ये, जर्मनांच्या ताब्यात देश असताना, हा कर रद्द झाला.

हे वाचताना मला अब्बांच्या सायकलचा बिल्ला आठवला. ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांनाही आठवत असेल. नगरपालिकेचा कर भरला की बिल्ला मिळायचा, तो हँडलच्या खाली तारेनं बांधायचा. बिल्ला नसेल तर सायकल अडवत. रात्री दिवा नसेल तर दंड, डबलसीट दिसलं तर दंड, आणि चाकातली हवा सोडून देणं हा दंडाच्या वरचा दंड. अब्बा रोज सकाळी पेठेतून निघून खडकीच्या बाजूला कामाला जात, येता-जाता तासाभराहून अधिक. त्या वेळचा पुणे-मुंबई रस्ता पाळी सुटताना मी पाहिलेला आहे. सायकलींचा पूर यायचा. ‘सायकलींचं शहर’ असं पुण्याचं नाव होतं, ते पोस्टकार्डावर छापण्यासाठी नव्हे. पगारात दुसरं काही बसत नव्हतं. ट्रॅक एकही नव्हता. लागतही नव्हता, कारण रस्ता भरलेलाच सायकलींनी असे आणि त्यातून वाट काढायची पाळी मोटारवाल्यावर येई. लंडनच्या क्लबवाल्यांच्या मनात हेच चित्र असणार.

हॉलंडमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे मार्ग झाले तेही बरेचसे मोटारींची अडचण दूर व्हावी म्हणूनच झाले, असं रूथ ओल्डेनझील आणि आद्री आल्बर्ट दे ला ब्रुहेझ या दोन इतिहासकारांनी २०११ मधल्या एका निबंधात दाखवलं आहे. म्हणजे सुरुवात तिथंही इंग्लंडसारखीच. साठच्या दशकात तर शहरांतले कालवे बुजवून, घरं पाडून मोटारींसाठी रस्ते रुंद करण्याचे बेत चालले होते. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर सुमारे ३३०० माणसं मेली. त्यांत चारशेहून अधिक मुलं होती.

त्या वर्षी मेलेल्यांत फिक लांगेनहोफ या पत्रकाराची शाळकरी मुलगी होती. १९७२ मध्ये ‘डी टाइड’ या वर्तमानपत्रात त्यानं एक लेख लिहिला. त्यातून जी चळवळ उभी राहिली तिचं नाव ‘स्टॉप दे किंडरमोर्ड’. मराठीत सांगायचं तर, ‘मुलांचे खून थांबवा’.

शब्दांशी रोजचा संबंध असलेला माणूस म्हणून मी या नावापाशी बराच वेळ थांबलो. आपण ‘अपघात’ म्हणतो. त्या शब्दात कुणी कर्ता नाही. वीज पडावी, दरड कोसळावी, तसा तो होतो. बातमीत ‘सायकलस्वार ठार’ असतं, ‘ठार केला’ नसतं. त्या बापानं आणि त्याच्यामागून आलेल्या आयांनी दुसरा शब्द निवडला. तो शब्द कायद्याच्या दृष्टीनं चूक असेल. कुणी मुद्दाम मारत नव्हतं. पण रस्ता असा बांधला तर इतकी मुलं मरणार हे माहीत असूनही जो तो तसाच बांधतो त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न त्या नावामुळं संसदेपर्यंत गेला. चळवळीच्या पहिल्या अध्यक्ष मार्त्ये फान पुतेन तेव्हा ऐन तारुण्यात होत्या. पुढं त्या युरोपीय संसदेच्या सदस्य झाल्या. माणसं रस्ते अडवत, मुलांना खेळता यावं म्हणून गल्ल्या मोटारींना बंद करत. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारींना संपूर्ण बंदी झाली. मोकळ्या हमरस्त्यांवरून लोक सायकली आणि चाकांचे बूट घालून फिरले. बंदी तेल वाचवण्यासाठी होती, पण मोटारीविना रस्ता कसा दिसतो ते एका पिढीनं पाहून घेतलं. १९७५ मध्ये सायकलवाल्यांची नवी संघटना निघाली आणि तिनं लंडनच्या क्लबच्या नेमकी उलट मागणी केली. आम्हाला वेगळे मार्ग द्या.

दिले ते लगेच जमले असंही नाही. सरकारनं टिलबुर्ख आणि हेग या दोन शहरांत नमुन्याचे मार्ग बांधले, भारी खर्च करून. हेगमध्ये दुकानदार संतापले. गिऱ्हाईक मोटार कुठं लावणार, हा जगभरच्या दुकानदारांचा प्रश्न त्यांनीही विचारला. मार्ग सुरक्षित ठरले. पण नंतर पाहणी केली तर आजूबाजूच्या रस्त्यांवरचे सायकलवालेच इकडं आले होते, नवे फारसे वाढले नव्हते. एक चांगला रस्ता बांधून माणूस घराबाहेर पडत नाही, कारण त्याला जायचं असतं त्या रस्त्याच्या पलीकडं. मग १९८२ ते १९८७ या काळात डेल्फ्ट शहरात वेगळा प्रयोग झाला. तिथं एक मार्ग न बांधता जाळं विणलं. मोठे मार्ग साधारण पाचशे मीटरांवर, मधले दोन-तीनशे मीटरांवर, आणि वस्तीतले त्याहून जवळ. बरंचसं काम तुटलेले दुवे सांधण्याचं होतं, कुठं एखादा पूल, कुठं एखादा बोगदा. शहरातल्या एकूण फेऱ्यांत सायकलचा वाटा चाळीस टक्क्यांवरून त्रेचाळीसवर गेला. तीन टक्के कमी वाटतील. पण त्या काळात इतरत्र तो वाटा टिकवणंच अवघड होतं.

आणि याच देशात इंजिनिअरांनी कोपऱ्याचा प्रश्न हाती घेतला. ही गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण मेख तिथंच आहे. तिकडं वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, तेव्हा आपल्याकडच्या डाव्या वळणाचं काम तिथं उजवं वळण करतं. आपल्या हिशेबानं सांगतो. ट्रॅक कोपऱ्याजवळ आला की तो मुख्य रस्त्यापासून साधारण पाच मीटर आत घेतात. त्यामुळं वळणारी मोटार आधी वळण पूर्ण करते आणि मग सायकल तिच्या समोर येते. ड्रायव्हरला ती बाजूच्या आरशात शोधावी लागत नाही, पुढच्या काचेतून दिसते. मधल्या पाच मीटरांत एक मोटार थांबू शकते, म्हणजे मागचा हॉर्न वाजवत नाही. कोपऱ्याची गोलाई मुद्दाम आवळलेली असते. वेगात वळताच येत नाही. आणि ट्रॅक गल्लीच्या तोंडाशी खाली उतरत नाही. त्याची उंची आणि त्याचं लाल डांबर तसंच पुढं जातं, मोटारीनं चढायचं आणि उतरायचं. ज्यानं थांबायचं त्याच्या चाकाखाली अडथळा, असा हा साधा नियम. मोठ्या चौकात सायकलींना वेगळा सिग्नल.

आपल्याकडं ‘फ्री लेफ्ट’ असतो. कोपरा जितका मोठा गोल कापता येईल तितका कापायचा, म्हणजे डावीकडचं वाहन न थांबता जाईल. त्या गोलाईच्या अलीकडं दहा पावलांवर ट्रॅक संपवायचा.

हॉलंडचं गुणगान पुरे. तिथंही सगळं झालं असं नाही. मोपेड ट्रॅकवर चालत, त्यांचा त्रास होई. १९९९ च्या डिसेंबरात शहरांतल्या मोपेड पुन्हा मोटारींच्या रस्त्यावर घातल्या. २०१७ मध्ये तिथं पहिल्यांदाच मोटारीतल्या माणसांपेक्षा सायकलवरची माणसं अधिक मेली, २०१ विरुद्ध २०६. त्यांत वयस्कर माणसं पुष्कळ होती आणि विजेवरच्या सायकली वाढल्या होत्या. मात्र सत्तरच्या दशकात तीन हजारांवर असलेले एकूण मृत्यू आता हजाराच्या पुष्कळ खाली आहेत.

अमेरिकेत हा वाद अधिक कडवट झाला, आणि तो पेटवला एका माणसानं. जॉन फॉरेस्टर, ‘हॉर्नब्लोअर’च्या समुद्रकथा लिहिणाऱ्या सी. एस. फॉरेस्टर यांचे चिरंजीव. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावानं सायकलवाल्यांना फूटपाथवजा मार्गांवर घातलं, तेव्हा फॉरेस्टर मुद्दाम रस्त्यानं गेले आणि खटला ओढवून घेतला. सायकल हे वाहन आहे, ते वाहनासारखंच रस्त्यावरून चालवावं, हे त्यांनी पुढं २०२० मध्ये मरेपर्यंत सांगितलं. त्यांच्या ‘इफेक्टिव्ह सायकलिंग’ या पुस्तकानं दोन पिढ्या घडवल्या. माणूस भांडकुदळ होता, पण कोपऱ्याबद्दल तो बोलत होता ते खरं होतं. एवढंच की तो स्वतः जोरदार सायकल चालवणारा होता आणि सगळे तसेच असतात असं धरून चालला. माझी अम्मी फॉरेस्टर यांच्या रस्त्यावर कधी गेली नसती. भाचाही नाही.

मग खरं काय? आकडे पाहिले तर तेही दोन तोंडांनी बोलतात. कोपनहेगनमध्ये सोरेन उंडरलीन येन्सेन यांनी ट्रॅक बांधण्याआधीची आणि नंतरची स्थिती तपासली. निष्कर्ष २००७-०८ च्या सुमारास आले. ट्रॅकमुळं सायकलींची रहदारी सुमारे वीस टक्के वाढली होती. मधल्या रस्त्यांवर अपघात दहा टक्क्यांनी घटले होते. चौकांत मात्र ते अठरा टक्क्यांनी वाढले होते. कारणही त्यांनी शोधलं. ट्रॅकसाठी कडेचं पार्किंग काढलं की मोटारी जागा शोधत गल्ल्यांत वळू लागतात आणि वळणं वाढतात. दुसरीकडं मॉन्ट्रियल शहरातल्या सहा रस्त्यांचा अभ्यास २०११ मध्ये अ‍ॅन लस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापला. तिथं ट्रॅक असलेल्या रस्त्यांवर सायकलवाले अडीचपट होते आणि जखमी होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी. दोन्ही अभ्यास मी मेहुण्यांना आणि बहिणीला सांगितले. मेहुण्यांनी कोपनहेगन घेतलं, बहिणीनं मॉन्ट्रियल.

कोपनहेगनचे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. अपघात कुठं मोजायचा, यावर बरंच काही ठरतं. नुसता मधला रस्ता मोजला तर ट्रॅक उत्तम. कोपरा धरला तर गोष्ट बदलते.

आपल्या देशात हा वाद फार उशिरा आला आणि तो सायकलपेक्षा बसवरून झाला. दिल्ली आयआयटीतले दिनेश मोहन आणि गीतम तिवारी वर्षानुवर्षं सांगत होते की आपल्या शहरांत डावीकडची मार्गिका तशीही सायकलींनीच व्यापलेली असते. तिला नीट वेगळी जागा दिली तर सायकलवालाही जगेल आणि मोटारींनाही आपली जागा कळेल. २००८ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद असा ५.८ किलोमीटरांचा बीआरटी रस्ता सुरू झाला, त्याला दोन्ही बाजूंनी सायकल मार्ग होते. मोटारवाल्यांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याच्यावर इतकी आग पाखडली की २०१५ मध्ये तो मोडायचं ठरलं आणि पुढच्या वर्षी मोडला. कोलकात्यात २०१३ साली तर १७४ रस्त्यांवर सायकलींना बंदी झाली. दूधवाले, पेपरवाले, कारागीर यांची ती शहरातली चालती दुकानंच. १९३४ च्या लंडनच्या क्लबनं ज्याची धास्ती घेतली होती ते इथं पट्टी न बांधताच झालं.

पुण्यात २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी आली, तिच्याबरोबर सायकल ट्रॅक आले. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेच्या सभेनं साऱ्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. आराखडा मी वाचला आहे. त्यात कोपरे आहेत, चौक आहेत, जाळं आहे, डेल्फ्टला शोभेल असं सगळं आहे. रस्त्यावर मात्र ट्रॅक तुकड्यातुकड्यांनी आला. आणि आपल्याकडं एक जास्तीची अडचण आहे, ती हॉलंडच्या मोपेडपेक्षा मोठी. दुचाकी. ट्रॅक मोकळा दिसला की मोटारसायकली घुसतात. त्या घुसू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खांब ठोकतात. खांबांतून कॅरिअरला दोन कॅन लावलेला दूधवाला जाऊ शकत नाही. तो रस्त्यानं जातो. मग लोक म्हणतात, बघा, ट्रॅक कुणी वापरत नाही.

या विषयावरच्या बैठकांना मी दोन-तीनदा गेलो. तिथं हेल्मेट घालून, गिअरच्या सायकलीवर येणारी माणसं भेटली, कळकळीची माणसं, पहाटे पन्नास किलोमीटर जाऊन येणारी. त्यांतले अर्धे फॉरेस्टरचे अनुयायी होते, नाव न ऐकताही. रात्रपाळीहून सुटलेला वॉचमन त्या बैठकीला नव्हता. तो झोपला असणार. हॉलंडमध्ये बोलायला आया उठल्या होत्या, म्हणून इंजिनिअरांना सहा वर्षांच्या मुलीसाठी कोपरा आखावा लागला. आपण कुणासाठी आखतो आहोत ते अजून कुणी ठरवलेलं नाही, असं मला त्या बैठकांत वाटलं.

भाचा चालू लागल्यावर मेहुण्यांनी एका कार्यालयाकडं अर्ज केला. ट्रॅक कोपऱ्यापर्यंत न्यावा, डीपी हलवावी, वळण आवळावं. दोन महिन्यांनी चार ओळींचं उत्तर आलं. सदर अपघात सायकल मार्गावर घडलेला नसून मार्ग संपल्यानंतरच्या रस्त्यावर घडलेला आहे, सबब या कार्यालयाकडून कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही. मेहुणे ते वाचून हसले. मीही हसलो, कोपनहेगनचा अठरा टक्क्यांचा आकडा असा मराठीत वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी मी आणि भाचा टेप घेऊन तिथं गेलो. ट्रॅकच्या टोकापासून पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत त्याची अकरा पावलं भरतात. वळणाची गोलाई आम्ही खडूनं आखून मोजली, तेवढ्यात दोनदा हॉर्न वाजले. त्यानं घरी येऊन वहीच्या चौकटीच्या कागदावर कोपऱ्याचं चित्र काढलं, डीपीसकट, आणि शेजारी ट्रॅक पाच मीटर आत घेतलेलं दुसरं चित्र. ते जोडून अर्ज पुन्हा दिला आहे. या वेळी बहिणीनं सही केली आहे आणि मेहुण्यांनीही.

भाचा परत सायकलनं शाळेत जातो. डीपीपाशी आला की उतरतो, अकरा पावलं सायकल हातात धरून चालतो, आणि पलीकडं गेल्यावर पुन्हा बसतो.